नीलकंठमामांची भोपाळी मोटर

नवीन राज्य झालं तेव्हा रायपूरला राजधानी मिळाली, बुढापारा मोहल्ल्यातल्या जागांना भाव मिळाला आणि आमच्या नीलकंठमामांना मोटर मिळाली. राजधानीचं आणि जागांचं पुढे बरं चाललं.

मोटर म्हणजे गाडी नव्हे. नावेच्या मागच्या फळीला अडकवतात ती. खाली पाण्यात पंखा, वर इंजिन, दोरी ओढली की सुरू होते आणि शेजारी ठेवलेल्या लोखंडी टाकीतून रबरी नळीनं पेट्रोल ओढून घेते. मध्य प्रदेशाची वाटणी झाली तेव्हा जिपा, कपाटं, टेबलं, पंखे, सगळ्याची वाटणी झाली. दोन भावांच्या वाटणीत मोठा भाऊ धाकट्याला जे फुटकं घमेलं देतो, तशी ती मोटर भोपाळच्या एका गोदामातून ट्रकमध्ये बसून रायपूरला आली. मामा ज्या खात्यात स्टोअरबाबू होते, त्याच्याकडे शहरातल्या बुढा तालाबातली जलकुंभी, म्हणजे जलपर्णी, काढायचं आणि नाव फिरवायचं काम आलं होतं. खात्याचं नाव मी सांगत नाही, मला अजून मामांकडे जेवायला जायचं असतं.

मोटरीचं काय करायचं हे खात्यात कोणालाच माहीत नव्हतं. मामांनाही नव्हतं, पण त्यांनी तसं कोणाला कळू दिलं नाही. तरुणपणी नागपूरला आयटीआयमध्ये त्यांनी डिझेल मेकॅनिकचा अर्धा कोर्स केला होता. तो अर्धा का राहिला याच्या आमच्या घरात तीन कथा आहेत आणि तिन्हींत चूक मास्तरांची आहे. साहेबांनी विचारलं, इथं इंजिनातलं कोणाला कळतं, तेव्हा मामांनी शर्टाच्या खिशातला स्क्रूड्रायव्हर बाहेर काढून फक्त टेबलावर ठेवला. झाले नौका-प्रभारी.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ, नीलकंठराव टेंभेकर. उंच, सरळ, नाकात सदा तपकीर, आणि चेहऱ्यावर असा भाव की पुढचं वाक्य कोणीतरी लिहून घ्यावं. आपलं घराणं भोसल्यांच्या फौजेबरोबर छत्तीसगडात आलं असं ते येईल त्याला सांगतात. फौजेत नेमकं काय करत होतो, हे सांगत नाहीत. मला ते लाडानं आणि तुच्छतेनं एकाच वेळी 'पोट्टी' म्हणतात. माझं नाव मीनल, मी तेव्हा मामांकडे राहून शाळेत गणित शिकवत होते, पण मामांपुढे पोट्टीच.

मामांचा एक सिद्धांत होता, तो म्हणजे भोपाळ. रायपुरात वीज गेली तर भोपाळमुळे, रस्ता उखडला तर भोपाळमुळे. एकदा शारदामामींच्या पुरणाच्या पोळ्या फुटल्या तेव्हाही ते भोपाळपर्यंत पोचलेच होते, मामींनी नुसतं वर पाहिलं म्हणून थांबले. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. मामांचं अंगण बदललं, राज्य बदललं, वाकडेपणा तेवढा भोपाळलाच राहिला.

मोटर पहिल्या दिवशी सुरू झाली नाही. दोरी ओढून ओढून नावाडी लहानू घामाघूम झाला. लहानू भंडाऱ्याकडचा धीवर, बुढा तालाबावर खात्याची नाव रोजंदारीवर चालवायचा. मोटर येईपर्यंत सगळी नाव त्याच्या वल्ह्यावरच होती. मामांनी त्याला बाजूला केलं आणि ते करायला घेतलं जे त्यांना खरोखर येत होतं. मामा कट्टर मारुतीभक्त. त्यांनी तेलात शेंदूर कालवला आणि लावायला मोटरीचं कपाळ शोधू लागले. इंजिनाला वर प्लास्टिकचं टोपडं होतं, ते त्यांना पटलं नाही. टाकीचं झाकण मात्र पितळी, गोल, मधे फुगीर, आणि फुगवट्याच्या बरोबर मधे एक छोटंसं भोक. जणू टिळ्याची जागा आधीच आखून ठेवलेली. मामांनी तिथं अंगठ्यानं शेंदूर दाबला, नारळ फोडला आणि दोरी स्वतः ओढली. मोटर सुरू झाली.

त्या दिवसापासून दर शनिवारी टाकीला शेंदूर. लहानू ताटली धरायचा, मामा फासायचे. दगडाला शेंदूर फासला की देव होतो म्हणतात, इथं तर देव पेट्रोल पीत होता. थरावर थर चढत गेले. पावसाळा येईस्तोवर झाकण दिसेनासं झालं, तिथं एक भगवं लिंबू उगवलेलं दिसायचं. माझा मामेभाऊ पियुष एकदा म्हणाला, "पापा, ये क्या चिपका रखा है?" मामांनी त्याला मराठीत उत्तर दिलं, ते त्याला समजलं, पण त्यानं दाखवलं नाही.

आणि मोटर हळूहळू मरगळू लागली.

सुरू छान व्हायची. घाटापासून निघताना गुरगुरायची, तलावातल्या बेटावरच्या मधल्या बागेपर्यंत ऐटीत जायची, मग जोर कमी, मग खोकला, मग गप्प. मामांचं संशोधन सुरू झालं. नाव बंद पडली की आधी ते टाकीचं झाकण फिरवून उघडत, आत डोकावून पेट्रोल आहे ना बघत, झाकण लावत, आणि मग काहीतरी एक दुरुस्ती करत. एकदा त्यांनी प्लग काढून पॉलिश पेपरनं घासला. मोटर सुरू झाली. मामा म्हणाले, प्लगमध्ये कार्बन होता, भोपाळचा. पुढच्या वेळी कार्बोरेटर फुंकला. सुरू झाली. तिसऱ्यांदा पंख्यात अडकलेली जलकुंभी काढली. सुरू झाली. एकदा तर काहीच सुचेना म्हणून मोटरीवर ओरडले, तरी सुरू झाली, आणि तेव्हापासून ओरडणंही दुरुस्तीत धरलं गेलं. प्रत्येक इलाज लागू पडायचा आणि एकही टिकायचा नाही. घरी जेवताना ते मला मोटरीचं शास्त्र सांगायचे. मी विचारलं, मामा, जर प्लग खराब होता तर कार्बोरेटर फुंकून कशी सुरू झाली?

"पोट्टे, तुले मशीनीतलं काय समजते," मामा म्हणाले. "जुनी मशीन हाये. तिचा मूड पाहावा लागते."

आता या सगळ्यात गंमतच राहिली असती, पण राज्योत्सव, म्हणजे नव्या राज्याचा वाढदिवस, जवळ आला. दिल्लीहून पाहुणे तलाव पाहायला येणार होते आणि त्यांना नावेत बसवून मधल्या बागेपर्यंत न्यायचं ठरलं होतं. साहेब स्वतः एकदा नावेत बसून पाहायला आले आणि मधोमध अडकले. लहानूनं वल्ह्यानं त्यांना घाटावर आणलं. साहेबांचे बूट ओले झाले होते. त्यांनी मामांना हिंदीत एवढंच विचारलं की गडबड कोणाची आहे. मोटरीत काय गडबड आहे हे विचारलं नाही. सरकारी माणूस तसं विचारत नाही.

मामा हादरले. नौका-प्रभारीपद गेलं तर परत स्टोअरमध्ये जावं लागणार होतं, आणि बुढापाऱ्यात तर ते सगळ्यांना सांगून चुकले होते की राजधानीचं जलखातं आता आपल्याकडे आहे. त्यांनी टाकी तिथंच ठेवून नुसती मोटर सोडवून स्टेशन रोडवर जनरेटर दुरुस्त करणाऱ्या एकाकडे नेली. त्यानं ती पाण्याच्या ड्रमात उभी केली, आपल्या डब्यातलं पेट्रोल दिलं आणि चालवली. मोटर चालतच राहिली. तो म्हणाला, भैया, इंजिन में कुछ खराबी नहीं है.

इथं मामांनी आयुष्यात पहिल्यांदा शुद्ध तर्क केला, आणि त्याचंच मला आजवर वाईट वाटतं. त्याच्या पेट्रोलवर मोटर चालते, आपल्या पेट्रोलवर चालत नाही. म्हणजे मोटर चांगली, पेट्रोल वाईट. पेट्रोल कोणाच्या ताब्यात असतं? लहानूच्या. म्हणजे लहानू पेट्रोल काढून विकतो आणि आत रॉकेल ओततो. त्याच्या डब्यात आणि आपल्या टाकीत पेट्रोलशिवाय आणखी काय फरक असू शकतो, हा प्रश्न त्यांना पडला नाही. त्यांनी टाकीचा वास घेतला आणि जाहीर केलं, रॉकेल. तीस वर्षं तपकीर ओढून ज्या नाकाला मामींची करपलेली भाजी कळत नाही, त्या नाकाची ही साक्ष.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घाटावर सगळे होते. बाकीचे नावाडी, भेळवाला, फिरायला आलेल्या बायका, आणि मामांचा जेवणाचा डबा परत न्यायला गेलेली मी. मामा पायरीवर उभे राहिले, लहानूकडे बोट केलं आणि म्हणाले, "चोर."

बस्स, तेवढंच. लहानूला आधी समजलंच नाही की हे त्याला आहे. मग तो म्हणाला, "मी नाही, बाबूजी." मामांनी ते ऐकलं नाही, ते भेळवाल्याकडे बघत होते. लहानूनं वल्हं नावेत नीट आडवं ठेवलं आणि गेला. साहेबांना गडबड कोणाची ते कळलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशी देणाऱ्याच्या खिशात स्क्रूड्रायव्हर. मी घरी येऊन मामांशी भांडले. ते म्हणाले, तुझं गणित शाळेत ठेव. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

त्यानंतर लगेच खंडेनवमी आली. आमच्यात त्या दिवशी हत्यारांची पूजा. ज्याचं जे असेल ते मांडायचं. मामींची विळी, माझी कंपासपेटी, पियुषची क्रिकेटची बॅट. मामांनी तलावावरून मोटरीची टाकी रिकामी करून घरी आणली आणि देवघरासमोर पाटावर ठेवली. घरभर पेट्रोलचा वास. मामी म्हणाल्या, देवासमोर पेट्रोलचा धूप कशाला? पण त्या बाई स्वच्छतेच्या इतक्या कडक की पूजेला काहीही मळकट चालत नाही. मामा आंघोळीला गेले तेवढ्यात त्यांनी टाकीचं ते भगवं लिंबू उलथन्यानं खरवडलं. शेंदूर वाळून दगड झाला होता, तो ढलप्या होऊन निघाला. मग चिंच आणि राखेनं झाकण घासलं आणि भोकात काडी घालून तेही मोकळं केलं, कारण भोकातला मळ मामींना दिसला की सुटत नाही. पितळ लखलखलं. मामांनी बाहेर येऊन बघितलं, थोडे चपापले, पण नवमीचा दिवस, गप्प बसले. हळदीकुंकवाची बोटं त्यांनी टाकीच्या पोटावर लावली.

दसऱ्यानंतर टाकी तलावावर गेली आणि मोटर चालली. मधल्या बागेला तिनं वळसे घातले, एकदाही खोकली नाही. ताटली धरायला कोणी नव्हतं, म्हणून शनिवारचा शेंदूर तेवढा राहून गेला होता. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. मामांना दुसरा काही पुरावा नकोच होता. गोलबाजारात भांडीवाल्यापासून ते पुरानी बस्तीतल्या पुजाऱ्यापर्यंत त्यांनी सगळ्यांना सांगितलं की बघा, चोर गेला, मोटर सुधारली. साहेबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. मला लहानूची बायको वनमाला मासळीबाजारात भेटली. पूर्वी ती मला हाक मारून बोलवायची, तिनं मान फिरवली. तिच्या शेजारणी तिच्याकडे बघून काही बोलत होत्या. काय बोलत असतील ते मला ऐकायची गरज नव्हती.

पाहुणे आले त्या सकाळी मामा पांढरा झब्बा घालून घाटावर हजर. इतका मोठा दिवस, मग शेंदूर साधा कसा चालेल? आधी कधी नव्हता एवढा जाड, तेलानं चमकणारा गोळा त्यांनी झाकणावर बसवला, वर झेंडूचा हार गुंडाळला. मी आणि मामी पायऱ्यांवर बसलो होतो. नाव निघाली. दिल्लीचे पाहुणे हात हलवत होते, साहेब बोट दाखवून सौंदर्यीकरण समजावत होते, मामा मागे बसून सेनापतीसारखे हँडल धरून. मधल्या बागेच्या अलीकडेच मोटर खोकली आणि गप्प झाली.

मामांनी प्लग काढला, घासला. कार्बोरेटर फुंकला. पंखा वर उचलून पाहिला. शेवटी पाहुण्यांसमोरच मोटरीवर ओरडले. काही झालं नाही. झाकण मात्र उघडलं नाही, त्यावर हार होता, आणि पूजा मोडायची नसते. वल्हं मारायला लहानू नव्हता. नवा नावाडी आणायचा राहून गेला होता, कारण आता मोटर होती. मग पोट्टे-पोट्टी पाय मारत फिरतात त्या बदकाच्या आकाराच्या दोन बोटी गेल्या आणि त्यांनी राजधानीच्या पाहुण्यांना दोरी बांधून ओढत आणलं. बदकं पांढरी होती, हसरी होती. किनाऱ्यावर लोकही हसत होते. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

पाहुणे उतरून गेले, साहेब त्यांच्या मागे धावले. मामी उठल्या, पदर खोचला आणि नावेजवळ गेल्या. त्यांनी हार बाजूला केला आणि झाकण फिरवलं. आतून सुस्स करून आवाज आला, हवा आत ओढली गेल्याचा.

"अहो," मामी म्हणाल्या, "तेलाच्या डब्याले मी दोन भोकं काहून पाडते?"

मामांनी वाकून झाकण उलटसुलट करून बघितलं. एकाच भोकाच्या डब्यातून तेल थोडं येतं आणि थांबतं, हवेला आत शिरायला दुसरं भोक लागतं. हे आमच्या आळीतली कुठलीही बाई सांगेल. टाकीचंही तेच. पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा त्या पितळी भोकातून आत यायला हवी. ते बुजलं की टाकी पेट्रोल सोडत नाही आणि मोटर उपाशी मरते. दर वेळी मामा आत डोकवायला झाकण उघडत तेव्हा हवा जायची, म्हणून प्लगही बरा व्हायचा आणि कार्बोरेटरही. नवमीला मामींनी भोक मोकळं केलं म्हणून मोटर चालली, लहानू गेला म्हणून नाही. मी हे सगळं तिथंच मोठ्यानं बोलले. मामींनी मला थांबवलं नाही.

आणि मग काय झालं? काही नाही. साहेबांनी वर कळवलं की भोपाळनं निकामी मोटर दिली होती. सगळ्यांना ते पटलं. मामा वाचले. लहानूचं नाव कोणी काढलं नाही. घरी मामा दोनचार दिवस पेपर वाचत बसले, तोच तोच पेपर. शेवटी मामींनी ताट वाढलं आणि समोर बसून म्हणाल्या की त्या माणसाकडे कधी जाणार ते आधी सांगा, मग घास घ्या. मामींचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून मामा उठले.

माझ्या स्कूटरवर मागे बसून ते लहानूच्या घरी आले, हातात पेढ्यांचा पुडा. लहानू दारात जाळं विणत होता, आता तो खारून नदीवर मासे धरायला जायचा. मामा खाटेवर बसले, खाकरले आणि म्हणाले, "झालं गेलं विसर. मी तुले माफ केलं. उद्यापासून कामावर ये."

मी आजवर बरीच निर्लज्ज वाक्यं ऐकली आहेत, शाळेच्या स्टाफरूममध्ये तर रोज ऐकते, पण असं ऐकलं नव्हतं. मला इतकी लाज वाटली की पुडा उचलून फेकावासा वाटला.

"कायची माफी?" लहानूनं विचारलं.

मामा भोपाळवर आले. मग मीच सगळं सांगितलं. भोक, शेंदूर, तेलाचा डबा. लहानू जाळं खाली ठेवून ऐकत होता. ताटली तर आपणच धरत होतो, असं तो हळूच म्हणाला आणि थोडं हसलासुद्धा. मग त्यानं पेढ्यांचा पुडा मामांकडे परत सरकवला. म्हणाला की इथं सांगून काय उपयोग, इथं तर वनमालेला माहीतच आहे. जिथं चोर म्हटलं होतं तिथं या.

मामा दुसऱ्या संध्याकाळी घाटावर आले. येतील असं मला वाटलं नव्हतं. नावाडी होते, भेळवाला होता, फिरायला आलेल्या बायका होत्या. वनमाला एका बाजूला टोपली घेऊन उभी होती. मामा त्याच पायरीवर चढले आणि बोलायला लागले. नवीन राज्य, राज्याची वाटणी, वाटणीत झालेला अन्याय. मग जुन्या मोटरींची रचना. मग टाकी, टाकीतली हवा, श्रद्धेचं माणसाच्या जीवनातलं स्थान. लोक एकमेकांकडे बघू लागले. भेळवाला कांदा चिरायला लागला. लहानू पाण्याजवळ हात मागे बांधून शेवटपर्यंत ऐकत राहिला, आणि मामा दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाला,

"बाबूजी, चोर म्हनाले तवा तुमाले एकच शब्द लागला होता."

मामांनी खिशातून तपकिरीची डबी काढली आणि न उघडता परत ठेवली. त्यांची मान कधी नव्हे ती खाली गेली होती. मला त्यांचा राग आला होता तो तसाच होता.

"लहानू चोर नाही," मामा म्हणाले. "भोक मी बुजवलं."

वनमालेनं टोपली डोक्यावर घेतली. लहानूनं एकदा सगळ्यांकडे पाहिलं, भेळवाल्याकडेसुद्धा. मामा दोन पायऱ्या उतरून त्याच्याजवळ आले आणि आता उद्यापासून येतोस ना, असं विचारलं. मला वाटतं, त्यांनी ते पहिल्यांदाच विचारलं होतं, हुकूम दिला नव्हता.

"नाही, बाबूजी," लहानू म्हणाला. "मी नोकरी मागाले नवतो आलो."

आणि तो वनमालेबरोबर पायऱ्या चढून गेला.